छकड्याचं शेपूट

छकडा गर्रकन फिरला आणि ज्या वाटेने आला होता त्याच वाटेकडे तोंड करून उभा राहिला. चाकांनी उडवलेली तांबडी धूळ खाली बसली.

“अकरावी गिरकी,” पाना म्हणाला.

पाना हा वस्तीच्या गॅरेजमधला यंत्रमानव. नट पिळणं आणि मोजणं, ही दोन कामं तो मन लावून करायचा. त्याला चाकं बदलता येत, पण गाडी चालवता येत नसे.

“मोजू नकोस रे!” शलाका शिरस्त्राणाच्या आतून ओरडली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शिरस्त्राण घातलेलं असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

बारा वर्षांची शलाका वायाळ आठ महिन्यांचा प्रवास करून मेहकरहून मंगळावर आली होती. वस्तीचं नाव होतं ‘नवं लोणार’. उल्का आदळून झालेल्या एका मोठ्या विवरात ती वसली होती, म्हणून हे नाव. तिची आई इथे पाण्याच्या विहिरीवर अभियंता होती आणि आजोबा, म्हणजे तिचे आबा, डॉ. मुरलीधर वायाळ, मंगळाच्या मातीवर चाकं कशी चालतील याचा वीस वर्षं अभ्यास करत होते.

पृथ्वीवर असताना शलाकाने मुलांच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत दोन चषक जिंकले होते. त्यामुळे इथला छकडा आपण सहज चालवू, असं तिला वाटलं होतं. छकडा म्हणजे चार चाकांची, दोन माणसांची, उघडी विजेची गाडी. मोटर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं नुसती दिशा द्यायची.

आणि इथेच कोडं होतं. मंगळावर प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जरासंच जास्त भरतं. म्हणजे छकडा हलका, शलाकाही हलकी. हलकी गाडी जास्त सहज वळायला हवी ना? मग पृथ्वीवर ज्या वेगाने ती वळण लीलया घेत असे, त्याच वेगाने इथे छकडा शेपूट फिरवून उलटा का होत होता?

दुपारच्या जेवणाला तिने हाच प्रश्न आबांना विचारला. आबांनी ताटातली ज्वारीची भाकरी उचलली. ज्वारी वस्तीच्या काचघरातलीच होती.

“टायर जमिनीला धरून ठेवतं ते कशामुळे?”

“घर्षणामुळे,” शलाका म्हणाली. घर्षण (दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना होणारा अडथळा) तिला शाळेत शिकवलं होतं.

“बरोबर. आणि गाडी जमिनीवर जितकी जड बसेल तितकी ही पकड जास्त. इथे वजन घटलं, म्हणजे पकडही घटली. आता ही भाकरी म्हणजे मागच्या टायरांकडे असलेली सगळी पकड, असं समज. त्यांना कामं किती?”

“गाडी पुढे ढकलायची.”

“आणखी?”

“वळणावर गाडीला बाहेर जाऊ न देणं?”

“शाब्बास! दोन कामं आणि भाकरी एक.” आबांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला. “तू वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबतेस. एवढी भाकरी ढकलण्यातच संपते. उरलेल्या कोरभर तुकड्यावर गाडीचं मागचं अंग धरून ठेवायचं! ते सुटतं, बाहेर फेकलं जातं आणि तुझी गिरकी होते. पृथ्वीवर हीच भाकरी जवळजवळ तिप्पट मोठी होती, म्हणून तुझी चूक तिथे खपून गेली.”

“पण आबा, गाडी हलकी झालीय ना? मग तिला धरून ठेवायला कमी पकड पुरायला हवी.”

आबा हसले. “वजन कमी झालंय. जडत्व नाही.” जडत्व म्हणजे वस्तूचा हट्ट: थांबलेली असेल तर थांबूनच राहायचं, चालत असेल तर सरळ त्याच वेगाने चालत राहायचं. “हा हट्ट वस्तूत किती पदार्थ भरलाय त्यावर ठरतो. मंगळावर आणलं म्हणून छकड्यातलं लोखंड काही कमी झालं नाही. हट्ट पूर्वीइतकाच, आवरणारा हात मात्र अशक्त.”

शलाकाने मान डोलावली खरी, पण तिला ते पटलं नव्हतं. हलकी वस्तू हट्टी कशी असेल?

“मग शेपूट सुटलं की करायचं काय?” तिने विचारलं.

“आधी, काय करायचं नाही ते ऐक. ब्रेक मारायचा नाही. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि वर ब्रेकही त्याच भाकरीतला वाटा मागतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करायचा, झटक्याने नाही. शेपूट उजवीकडे गेलं तर स्टिअरिंगही उजवीकडे. डावीकडे गेलं तर डावीकडे.”

“म्हणजे वळणाच्या उलट?”

“उलट वाटतं, पण गाडी खरी घसरतेय त्याच दिशेला पुढची चाकं रोखली जातात. मग ती पुन्हा जमीन धरतात आणि मागचं अंग त्यांच्या मागे ओळीत येतं. येऊ लागलं की स्टिअरिंग लगेच सरळ करायचं. उशीर केलास तर शेपूट झोक्यासारखं दुसऱ्या बाजूला जाईल. आणि नजर, जिथे जायचंय तिथे. हात नजरेच्या मागे जातात.”

ऐकायला सोपं होतं. पण संध्याकाळपर्यंत आणखी नऊ गिरक्या झाल्या. कधी पाय आपसूक ब्रेकवर जाई, कधी स्टिअरिंग उशिरा सरळ होई आणि छकडा उलट्या बाजूला फिरे. शलाका दात-ओठ खात पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा शेपूट सुटलं आणि परत ओळीत आलं. त्यानंतर तीनांतून एकदा जमू लागलं. “अजून दोनदा चुकतं,” ती स्वतःशीच म्हणाली आणि गाडी वळवली.

इतक्यात शिरस्त्राणात आईचा आवाज आला.

“आबा, ऐकताय ना? विहिरीवरचा हीटर बंद पडलाय. चार तासांत नळातलं पाणी गोठेल. गोठलं की नळ फुटेल आणि मग वस्तीला महिनाभर पाणी नाही. गॅरेजमधला जादा हीटर घेऊन या.”

विहीर अकरा किलोमीटरवर. वस्तीच्या दोन्ही मोठ्या गाड्या घेऊन बहुतेक माणसं दक्षिणेच्या दरीत गेली होती, उद्या परतणार होती. राहिला होता एकटा छकडा.

शलाकाने छकडा गॅरेजपुढे आणून उभा केला. आबा लगबगीने आले. हीटरची पेटी पृथ्वीवर साठ किलोची. इथे ती बावीस-तेवीस किलोसारखी लागत होती. पाना चाक तपासत होता, तो येईपर्यंत आबांना धीर निघाला नाही. त्यांनी पेटी उचलली आणि छकड्याच्या मागच्या कठड्याकडे झोका देऊन फिरवली. पेटी सुटली ती थांबेचना. त्यांनी ती अडवायला हात घातला आणि त्यांचं उजवं मनगट पेटी आणि कठडा यांच्यात सापडलं.

“आई गं!”

शलाका धावली. पेटी बाजूला सारताना तिच्या हातांना ते कळलं. उचलायला हलकी, पण हलवायला आणि थांबवायला जड! जडत्वाचा हट्ट तो हाच. काल भाकरीने न पटलेली गोष्ट आज पेटीने पटवली होती, पण किंमत आबांच्या मनगटाने मोजली.

वस्तीच्या डॉक्टरांनी हात बांधला. हाड मोडलं नव्हतं, पण बोटं मिटत नव्हती. मागे राहिलेल्या माणसांत छकडा चालवता येणारी दोघंच होती: आबा आणि, तीनांतून एकदा, शलाका.

“मी नेते,” शलाका म्हणाली.

आई संदेशयंत्रावरून म्हणाली, “आबा, तुम्ही शेजारी बसाल?”

“बसतो. पट्टे आवळून.”

“वेग वीसच्या वर नाही. शलाका, भीती वाटली तर थांबायचं. नळापेक्षा तू मोठी आहेस.”

“हो आई.”

पहिले सात किलोमीटर वाट सपाट होती, अधूनमधून वळणं. पेटी मागे घट्ट बांधली होती. शलाका वळणाच्या बरीच आधी वेग कमी करी, वळणात अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबलेला ठेवी आणि गाडी सरळ झाली की मगच वेग देई. भाकरी जपून वाटायची, एवढंच डोक्यात.

आठव्या किलोमीटरला मांजरकडा आला. इथे उंच कड्याला धरून वाट चढत डावीकडे वळत होती. उजव्या हाताला दगडांनी भरलेला खोल उतार. कड्याची सावली वाटेवर पडली होती आणि सावलीत रात्रीचं पांढरं दंव अजून वितळलं नव्हतं.

शलाकाने वेग बारावर आणला. पण चढावर छकडा अडखळू लागला, म्हणून तिने पाय किंचित दाबला. किंचितच. मागची चाकं दंवावर भिरभिरली आणि शेपूट उजवीकडे, उताराच्या बाजूला, सुटलं.

तिचा पाय ब्रेककडे निघाला. तिने तो आवरला. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सैल केला. आता स्टिअरिंग उजवीकडे. पण उजवीकडे तर खोल उतार! सगळं अंग ओरडून सांगत होतं, डावीकडे फिरव, कड्याकडे फिरव. नजर दगडांकडे ओढली जात होती.

“वाटेकडे बघ,” आबा म्हणाले. अगदी शांतपणे.

तिने नजर उचलून वळणाच्या पलीकडच्या उन्हातल्या वाटेवर खिळवली आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. एक क्षण काहीच घडलं नाही. मग पुढच्या चाकांना जमीन लागली. ते तिला तळहातांत कळलं. शेपूट मागे येऊ लागलं. सरळ कर, सरळ कर! तिने स्टिअरिंग सरळ केलं. शेपूट थोडं डावीकडे गेलं, तिने थोडं डावीकडे फिरवलं, पुन्हा सरळ. झोका लहान झाला आणि थांबला. छकडा दंवावरून बाहेर येऊन उन्हात उभा राहिला.

आबांनी डाव्या हाताने शलाकाच्या खांद्यावर थोपटलं.

“थांबायचं का थोडं?”

तिने तीन मोठे श्वास घेतले. “नको. वेळ जातोय.”

दोघं विहिरीवर पोचली तेव्हा आई दारातच उभी होती. मिठी मारायलाही सवड नव्हती. दोघींनी मिळून पेटी उतरवली, एकीने ढकलायची आणि दुसरीने आधीपासूनच थोपवायला तयार राहायचं. आईने तारा जोडल्या. पाऊण तासाने पंप घुरघुरला. आईने शलाकाचा हातमोजा धरून नळावर ठेवला. आत पाणी धडधडत वस्तीकडे निघालं होतं.

“काय गं, कडा कसा पार केलास?” आईने विचारलं.

“शेपूट सुटलं होतं. आणलं परत.”

आईने चमकून आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, “मी फक्त दोन शब्द बोललो. बाकी सगळं तिनेच केलं.”

आईने तिला जवळ ओढलं. शिरस्त्राणावर शिरस्त्राण टक्कन आपटलं.

विहिरीच्या टेकाडावरून उत्तरेचं मैदान दिसत होतं. दूरवर पांढरंशुभ्र, सगळं बर्फ.

“दहा वर्षांत तिथे दुसरी वस्ती उभी राहील,” आई म्हणाली. “विहिरी खणायच्या, घरं बांधायची. पण आधी तिथवर जाणारी वाट हवी आणि त्या बर्फावर गाड्या नेणारी माणसं.”

शलाकाने त्या पांढऱ्या रेषेकडे पाहिलं. मग आबांच्या शेजारी जाऊन खाली बसली आणि बोटाने तांबड्या मातीत एक वळण काढलं.

“आबा, बर्फावर भाकरी याहून किती लहान असेल? आणि एवढं वळण घ्यायचं, तर वेग किती ठेवायचा?”

आबा डाव्या हाताने मातीत आकडे मांडू लागले.