चौथ्या नावाचा अर्थ

गाण्याचा अर्थ लिहून द्यायचा, एवढंच काम होतं. त्यात घाबरण्यासारखं काय असणार? दीक्षा रेल्वेच्या ऑफिसातून घरी आली, कूलरमध्ये पाणी भरलं आणि लॅपटॉप उघडून बसली. एका संगीताच्या वेबसाइटसाठी ती अधूनमधून लिहायची. या वेळचं गाणं गावातलंच होतं. दीक्षितपुऱ्यातल्या आल्हादच्या रॉक बँडचं 'चार नाम'. सध्या जबलपूरमधली निम्मी कॉलेजं तेच गुणगुणत होती.

गाणं सरळ होतं. आल्हाद ज्या चौघांकडून संगीत शिकला, त्यांची चार कडव्यांत चार नावं. बापूसाहेबांकडून व्हायोलिनचा सूर, शकुमावशींकडून भजनातली ओढ, ओमतीच्या बँडपार्टीतल्या विक्कीभैयाकडून ट्रम्पेटचा दम आणि देवीदासकाकांकडून ढोलकीचा ठेका. देवीदास म्हणजे दीक्षाचे बाबा. फॅक्टरीतून रिटायर झालेले, चाळीस वर्षं भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवलेले. बापाचं नाव गाण्यात, म्हणून पोरीला लेखाची दुप्पट हौस. तिनं ते गाणं दोनशे वेळा तरी ऐकलं होतं. पोळ्या लाटतानाही तेच तोंडात.

व्हिडिओत प्रत्येक नावाला एक हात आल्हादच्या कानाच्या पाळीला लागत होता. गुरूचं नाव घेताना गाणारे कान धरतात, हे तिला माहीत होतं. 'परंपरेला केलेला सलाम,' असं तिनं झोकात लिहिलं आणि बाबांना दाखवायला गेली.

देवीदासांनी चष्मा लावून व्हिडिओ पाहिला. मग मोबाइल गादीवर पालथा ठेवला.

"कान काहून धरला यानं?"

"आदर आहे ना बाबा तो."

"आमच्या पार्टीत गेलेल्यांसाठी कान धरत. जिता असन तर जाऊन पाय धरायचे. जित्या माणसासाठी कान धरला म्हणजे..." ते थांबले. "जाऊ दे. पोरगं आहे. त्याले कोणी सांगितलं नसन."

दीक्षा हसली. लेखासाठी बाकीच्या तिघांशी बोलायचंच होतं, म्हणून तिनं फोन लावले. बापूसाहेबांच्या सुनेनं सांगितलं, ते दिवाळीनंतर गेले. शकुमावशी संक्रांतीला गेल्या. विक्कीभैयाच्या घरी फोन उचलणारा हिंदीत म्हणाला, "दीदी, आज उनकी तेरहवीं है।" व्हिडिओ दसऱ्याचा होता. तेव्हा चौघंही हिंडतीफिरती होती, आणि गेली ती गाण्यातल्या क्रमानं. चौथं नाव आतल्या खोलीत खोकत होतं.

माणसं जातातच, असं तिनं स्वतःला तीनदा बजावलं. पण विक्कीभैया पन्नाशीचाही नव्हता. आई गेल्यापासून तिला घरात हाक मारणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. तिनं चप्पल पायात सरकवली आणि स्कूटी काढली.

दीक्षितपुऱ्यात ऊन उतरत होतं. आल्हाद खोलीत एकटाच गिटारच्या तारा बदलत बसला होता. दीक्षानं धापा टाकत सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तो व्हिडिओ काढून टाक. आणि माझ्यासोबत चल, बाबांचे पाय धर. आत्ताच."

"पाय धरतो ना, दीदी. पण मी कान कुठं धरला?"

"प्रत्येक नावाला धरला तू!"

"मी तर पूर्ण गाण्यात गिटार वाजवून राहिलो. दोन्ही हात अडकलेले. कान कसा धरणार?"

दोघांनी व्हिडिओ लावला. खोलीत जीव उकडत होता, तरी दीक्षाच्या अंगावर काटा आला. आल्हादचा डावा हात गिटारच्या दांडीवर होता, उजवा तारांवर. चौथं नाव आलं. त्याच्या खांद्यामागून दोन बोटं पुढे आली, सावकाश, अगदी मायेनं, आणि त्यांनी त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली. हजारो लोकांनी हे पाहिलं होतं आणि प्रत्येकानं तो हात त्याचाच समजला होता.

"तुझ्यामागे कोण उभं होतं?" तिनं हळूच विचारलं.

"मागे... भिंत होती, दीदी."

आल्हादनं व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला. गिटार पाठीला लावून तो स्कूटीवर मागे बसला.

देवीदास पलंगावर बसून ढोलकीची दोरी ओढत होते. आल्हादनं वाकून दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. म्हातारा खूश झाला. "बस बस, झालं. आता म्हण तेच गाणं, मी धरतो ठेका."

"नको ना, बाबा," दीक्षा म्हणाली.

"काहून नको? पाय धरले त्यानं. आता काय होते?"

आल्हादनं गिटार मांडीवर घेतली. बापूसाहेबांचं कडवं झालं. शकुमावशींचं झालं. दीक्षा दाराशी उभी राहून डोळ्यांची पापणी न लववता त्याच्या कानांकडे बघत होती. विक्कीभैयाचं कडवं सरलं. मग चौथं नाव आलं... आणि गेलं. आल्हादच्या कानापाशी काहीच आलं नाही. भिंत नुसती भिंत होती. तिच्या छातीवरचा दगड उतरला आणि डोळे भरून आले.

मग तिच्या लक्षात आलं की तिचेही ओठ हलत होते. दोनशे वेळा ऐकलेलं गाणं. सवयीनं तीही त्याच्यासोबत म्हणत होती. चौथं नावही तिनं म्हटलं होतं, आणि पाय धरले होते ते फक्त आल्हादनं.

तिच्या कानाच्या पाळीला गार लागलं. दोन बोटं. कोरडी, सावकाश, मायेची.

तिला मान वळवता येईना. ढोलकी चालूच होती. देवीदास तिच्या खांद्यावरून मागे बघत होते आणि ओळखीचं माणूस खूप दिवसांनी दारात दिसावं तसे हसत होते.

"या," ते म्हणाले. "या ना... बसा. एवढं कडवं होऊ द्या, मग निघू."