चौकसमोरची जमीन

सिल्व्हर पार्कमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर संध्याचे रविवार जायचे. कपडे वाळत घालायच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या कापून तिनं घरीच अँटेना केला होता. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जायला लागला की आधी खरखर व्हायची, मग लॅपटॉपवर ओळीओळीनं चित्र उतरायचं. आकाशातून दिसणारा आपलाच किनारा! संध्याला दर वेळी तितकंच नवल वाटायचं.

एका रविवारी सकाळी गुजरातचा किनारा उतरला, वसईची खाडी उतरली आणि उत्तनच्या पश्चिमेला, भर समुद्रात, जमीन.

ढग असेल, म्हणून ती पुढच्या फेरीपर्यंत थांबली. ढग सरकले होते. जमीन तिथंच होती. आता तिच्यावरून समुद्रात उतरणारी नदीसुद्धा दिसत होती.

संध्या बस धरून उत्तनजवळच्या चौक गावी गेली. समुद्र क्षितिजापर्यंत मोकळा होता. किनाऱ्यावर मात्र माणसं जमली होती. खंडू नावाच्या मच्छीमाराची होडी परवापासून परतली नव्हती. त्याचा थोरला भाऊ हरिश्चंद्र डोळ्यांवर हात आडवा धरून समुद्राकडे बघत उभा होता.

संध्या घुटमळली. चित्र खोटं असलं, तर ही माणसं भलतीकडेच शोधत बसतील. शेवटी तिनं मोबाइलवर घेतलेलं ते चित्र हरिश्चंद्रापुढे धरलं.

"तिथं जमीन न्हाय, ताई. लहानपणापासून जातोय मी."

"मला माहितीये. पण दोनदा दिसली."

हरिश्चंद्रानं चित्रावरून नजर काढून समुद्राकडे तोंड केलं. "वारा तिकडूनच येतोय," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून मोगऱ्याचा वास हाय."

मग तो वास संध्यालाही आला.

हरिश्चंद्रानं होडी काढली. संध्या बायकांबरोबर वाळूत बसून राहिली. वास दाट होत गेला. एकदा पाण्यावरून ढोल वाजल्यासारखं वाटलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

ऊन कलताना दोन होड्या दिसल्या. मागच्या होडीत खंडू ताठ बसला होता. एवढा आनंद संध्यानं कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

"कुठं सापडला?" संध्यानं विचारलं.

"तुम्ही दावलं तिथंच," हरिश्चंद्र म्हणाला. "पाणीच हाय, ताई. नुसतं पाणी."

खंडूची आई धावत पुढे झाली. त्याचे हात धरायला वाकली आणि तशीच थांबली.

बिनलग्नाच्या खंडूचे हात कोपरापर्यंत हळदीनं माखले होते.

हळद अजून ओली होती.