मुकादमानं छापलेलं नाव

१९६३ साली इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या हॅल्ड्रन कारखान्यातलं आमचं गणकयंत्र एका वेळी एकच काम करायचं. टेप फिरून होईपर्यंत यंत्र रिकामं, आणि आम्ही भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या गुंडाळ्या घेऊन रांगेत. एनिड क्लेगला ते बघवत नसे. दोन वर्षं खपून तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. आम्ही त्याला मुकादम म्हणायचो. एक काम टेपसाठी अडलं की मुकादम लगेच दुसऱ्याला यंत्र द्यायचा, तेही इतक्या झपाट्यानं की प्रत्येकाला वाटावं, यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. कुणाचं काम चालू आहे, ते तो टंकयंत्रावर छापायचा.

मुकादमावरचा अहवाल निघाला तेव्हा त्यावर आमचे प्रमुख रशवर्थ यांचं एकट्याचंच नाव होतं. एनिड तक्रार घेऊन संचालकांकडे गेली. मी तिच्या शेजारच्या टेबलाशी बसायचे, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"मिस होल्रॉइड, मुकादम नेमका कुणी लिहिला?"

रशवर्थ खिडकीपाशी पाइप साफ करत उभे होते.

"सगळ्यांनीच मिळून, साहेब," मी म्हणाले.

एनिडनं माझ्याकडे पाहिलंही नाही. जिन्यात मात्र म्हणाली, "डॉट, आज चहा गोड लागेल बघ तुला."

दुसऱ्या दिवशी तिनं नोकरी सोडली. फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेली. तिची जागा मला मिळाली.

मार्चमध्ये एका सकाळी टंकयंत्र खडखडलं. 'क्लेग. काम चालू.'

"कुणाचा चावटपणा आहे हा?" रशवर्थ ओरडले. "काढून टाक ते!"

मी काम रद्द केलं. अकरा मिनिटांनी पुन्हा तीच ओळ. यंत्र बंद केलं, स्मृती पुसली, मुकादम नव्यानं चढवला. पहिली ओळ तीच. मग सगळी स्मृती कागदावर छापून आकडा न् आकडा तपासला. त्या कामाला कुठेच जागा दिलेली नव्हती. वेळ मात्र ते घेत होतं.

शेवटी रशवर्थच्या सांगण्यावरून मी मुकादमात एक आज्ञा घातली: नाव क्लेग असेल तर छापू नकोस. टंकयंत्र गप्प झालं. हात धुताना माझ्या लक्षात आलं, की मी ते दुसऱ्यांदा धुते आहे.

त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या कामाचे निकाल आले. माथ्यावर नाव होतं, ई. क्लेग. मी पट्टी उजेडात धरून भोकं वाचली. डी. होल्रॉइड. पट्टी बरोबर होती.

एप्रिलमध्ये शीला नावाची नवी मुलगी यंत्रावर आली. एनिडला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मिस क्लेग, तुमचे कागद."

"मी होल्रॉइड."

"अय्या, हो की! कसं आलं तोंडात कोण जाणे."

मग रशवर्थही तसंच म्हणाले. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

त्या दुपारी मी संचालकांचं दार ठोठावलं. एका दमात सांगून टाकलं, "साहेब, मुकादम एनिड क्लेगनं लिहिला. एकटीनं. रशवर्थ खोटं बोलले."

त्यांनी चष्मा काढला. दमल्यासारखे दिसले.

"पुन्हा तेच? आम्ही चौकशी केली होती ना. मिस होल्रॉइडला विचारलं. तिनं सांगितलं, सगळ्यांनी मिळून."

"अहो, पण होल्रॉइड मीच!"

"तुम्ही थोडे दिवस घरी राहा," ते हळूच म्हणाले. "तब्येत बरी दिसत नाही तुमची."

मी टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरल्या. कुणी अडवलं नाही. बाहेर झिमझिम चालू होती. बस पकडून मी ओल्डहॅमला आईकडे गेले. माझ्या ऑफिसातलं कुणीही तिच्या ओळखीचं नव्हतं.

आईनं दार उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळलं.

"एनिड, अगं किती भिजलीस," ती म्हणाली. "कोट काढ आधी. खोकला ऐकू येतोय मला गल्लीच्या टोकापासून."