पुसलेली पहिली ओळ

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथची काच फुटली होती आणि पोलादाचा अख्खा तुकडा अंबादासच्या कपाळात शिरला होता. साकीनाक्याच्या त्या गाळ्यात रक्त पार छतापर्यंत उडालं होतं. सब-इन्स्पेक्टर क्षमा गावडे प्रेताजवळ वाकली.

"अपघात आहे, मॅडम," अंबादासचा भागीदार नितेश म्हणाला. "प्रोग्राम त्यानंच लिहिला. वेगाच्या आकड्याला एक शून्य जास्त. सकाळी आला, बटण दाबलं, चकच्या पकडीतून फिरता तुकडा सुटला. हल्ली घ्यायचा ना."

"त्यानंच लिहिला कशावरून?"

"पहिली ओळ वाचा. बॅकअपमध्येपण तेच आहे, मी बघितलं."

पहिली ओळ होती 'जय भीम'. या गाळ्याची रीतच तशी. जो प्रोग्राम लिहील किंवा त्याला हात लावील, त्यानं सगळ्यात वर आपलं दैवत टाकायचं. मशीन ती ओळ सोडून देतं, पण चूक कोणाची ते माणसांना कळतं. अंबादास जय भीम लिहायचा, नितेश रवळनाथ, म्हातारा ऑपरेटर दादू सातेरी.

दादू कोपऱ्यात उभा होता.

"काल संध्याकाळी इथे कोण होतं?" क्षमानं त्याला विचारलं.

"आम्ही तिघंव. पण बाय, तो असो चुकणारो न्हय."

एवढ्यात अंबादासची मुलगी रश्मी आली. बापाचा चेहरा ओळखू येत नव्हता. तिनं हातावरच्या गोंदणावरून त्याला ओळखलं.

"बाबा पंचशील पाळायचे, दारूला शिवले नाहीत कधी," ती म्हणाली. "तुम्ही अपघात लिहिलात तर जन्मभर लोक म्हणतील, बेवडा आपल्याच हातानं मेला. बॅकअप मी लावलाय. मला बघू द्या."

क्षमानं गाळ्यातल्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची सरकवली.

"हा दर तासाला चालतो," रश्मी सांगू लागली. "त्या तासात जे बदललं तेवढंच उचलतो, पण जुनं टाकत नाही. कुठलाही तास पेन ड्राइव्हसारखा जोडायचा आणि आत फिरायचं."

तिनं कालचा पाचचा तास जोडला. वेग बरोबर होता, वर जय भीम. सहाच्या तासात तीच फाइल पुन्हा उचललेली, वेग दहापट. सातच्या तासात आणखी एकदा. सहा आणि सातमध्ये एकाच ओळीचा फरक होता. क्षमानं ती ओळ वाचली, रश्मीच्या खांद्यावर हात ठेवला आणि नितेश-दादूला जवळ बोलावलं.

"वेग वाढवून झाल्यावर ही फाइल परत का उघडली?" तिनं विचारलं.

मग तिनंच पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कारण खुन्याचा हात सवयीनं चालला. सहाच्या फाइलमध्ये वर लिहिलंय रवळनाथ. मग जीभ चावली असणार. रवळनाथ पुसला, जय भीम टाकलं. ते सातला उचललं गेलं."

"दादूनं मला अडकवायला लिहिलं असेल," नितेश म्हणाला.

"अडकवायचं असतं तर पुसलं कशाला असतं? तू बॅकअप बघितलास, पण शेवटचा तास तेवढा. मागचे तास राहतात हे तुला ठाऊकच नव्हतं."

रश्मीनं तोवर रवळनाथच्या जुन्या फायली शोधत महिन्यापूर्वीचा एक तास जोडला होता. नितेशनं नंतर उडवलेली फाइल तिथे जशीच्या तशी होती: पिस्तुलाची नळी कापायचा प्रोग्राम. वर रवळनाथ.

"हा चोरून काय बनवतो ते बाबांना कळलं होतं," ती म्हणाली.

नितेशनं पाना उचलला आणि कॉम्प्युटरवर घालायला धावला. दादू मध्ये आला. त्याच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पुढच्या क्षणी क्षमानं नितेशचं तोंड लेथच्या पत्र्यावर आपटलं आणि बेड्या चढवल्या.

"अंबादास पोलिसांत जातो म्हणाला," नितेश रक्त थुंकत बोलला. "काय करणार होतो मी?"

दादू मोडका हात छातीशी धरून रश्मीजवळ बसला. तिनं पाचचा तास पुन्हा उघडला.

"काका, ही बाबांची," ती म्हणाली. "बघा, काही चुकलंय का?"

दादूनं फाइल वरपासून खालपर्यंत वाचली.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "खंयच चूक नाय."