तब्येत सुधारली?

“या घरात माझ्या कामाला काही अर्थच नाही!” टिपणीस फ्रिजच्या कानाशी कुरकुरला.

टिपणीस म्हणजे खातूंच्या घरचा आरोग्य-यंत्रमानव. ओट्यावर पेरू खात बसलेल्या मैथिलीने ते ऐकलं.

“काय झालं रे?”

“येणारा-जाणारा वृंदाआत्यांना म्हणतो, ‘तब्येत सुधारलीय हं!’ म्हणून मी त्यांचं मधुमेहाचं औषध कमी करायची शिफारस डॉक्टरांना पाठवणार होतो. पण रक्तातली साखर तर वाढलीय. मग खोटं कोण बोलतंय?”

मैथिली फिस्सकन हसली. आणि मग तिने पेरू पटकन बाजूला ठेवला.

“पाठवू नकोस! अरे, तसं म्हणायची पद्धत असते. म्हणजे... वजन वाढलंय.”

“मग तसंच का नाही म्हणत?”

“वाईट दिसतं.”

टिपणीसचे दिवे लुकलुकले. “आत्ता कोडं सुटलं. तू आत्यांकडे खो-खो शिकतेस ना? जेवण झालं की स्वादुपिंड (जठरामागची ग्रंथी) इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूंना खो देतं, ‘उठा, साखर आत घ्या!’ यकृतालाही देतं, ‘तू तुझी साखर सोडणं थांबव!’ आता खेळाडू जाड गोधडी पांघरून बसला तर?”

“खो कळणारच नाही!”

“पोटातली जादा चरबी यकृतात, स्नायूंत साठली की तसंच होतं. खो देऊन देऊन स्वादुपिंड थकतं, साखर रक्तातच फिरते, रक्तदाबही चढतो. चयापचय (अन्न वापरायचा आणि साठवायचा शरीराचा कारभार) पार बिघडतो. मधुमेह सडपातळ माणसांनाही होतो, पण आत्यांचं दुखणं या गोधडीने वाढवलंय.”

“गोधडी निघते?”

“वजन थोडं उतरलं तरी यकृतातली चरबी हटायला लागते. खो पुन्हा कळू लागतो.”

मैथिली ओट्यावरून उतरली. मैदानभर पळणारी आत्या हल्ली खुर्चीत बसून शिट्टी वाजवायची. का, ते घरात कुणीच विचारलं नव्हतं.

आत्या बाहेर बाबांशी बोलत बसली होती.

“आत्या, तुझी तब्येत...”

“सुधारलीय!” बाबा घाईघाईने म्हणाले.

“नाही सुधारली, बाबा.”

मैथिली आत्याच्या मागे गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “खो!”

आत्याने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

“जाड झालेय मी,” ती म्हणाली. “पायाची बोटं बधिर होतात, त्याची भीती वाटते मला. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि मैथिली, मला पुन्हा पळायचंय.”