अमावस्या सुटेपर्यंत

मोबाईल खाली ठेवा, मगच सांगतो. आणि ही ऐकीव न्हाय. दुधनीचा राजेसाब जीपवाला माझा दोस्त, त्यानं भोगलेली हाय.

मागल्या डिसेंबरातली येळ अमावस्या. शेतात पूजा करून, भज्जी-आंबील खाऊन सगळी आडवी झालेली. रात्री अकरा चाळीसला राजेसाबला फोन आला. वस्तीवरच्या कल्लप्पाची बायको सृष्टी, पहिलटकरीण, तिची पाणमोट फुटली हुती. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. राजेसाब वीस मिनिटांत दारात.

पण सासू कमलम्मा उंबऱ्यात बसलेली. अमावस्येचं पोर बापाला जड, म्हणून तिनं कॅलेंडर बघून ठरवलं हुतं. तीन छप्पनला अमावस्या सुटती, त्याआधी पोर जन्माला येऊ द्यायचं न्हाय. सुनेचे गुडघे लुगड्यानं बांधलेले. राजेसाब म्हणाला, पोर गुदमरंल. तर म्हणती,

"जीपवाल्यानं जीप बघावी."

आणि कल्लप्पा? मान खाली घालून उभा. असल्यांची लग्नं लावायचीच कशाला, मी म्हणतो.

राजेसाब जीपमध्ये येऊन बसला.

एक वाजून दहा. रडू ऐकू आलं. तान्ह्याचं. सुटली बिचारी, असं वाटून त्यो दारापातूर गेला. आत सृष्टी तशीच. बांधलेली. पोर झालंच नव्हतं.

मागं फिरला. रडू जीपमधनं येत हुतं. मागच्या सीटवरनं. बॅटरी मारली...

कुणी न्हाय.

रडू बारीक होत गेलं. मग नुसता हुंदका. मग...

घड्याळ बघितलं. एक पंचवीस.

तवा आत घुसून तिला उचलायचं त्याला सुचलं न्हाय. भ्याला. हे आजबी सांगताना रडतो.

तीन सत्तावन्नला निघाले. वाटेत सृष्टी एकदाच बोलली.

"चाचा, दीडला पाच मिंटं असताना हालायचं थांबलंय."



दवाखान्यात पोरगी निघाली. पुरत्या दिवसांची, डोईभर केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोन केला तवाच आणली असती, तर आता आईच्या कुशीत असती.

राजेसाबनं जीप सोडली. कुणी घेईना, म्हणून मीच घेतली. परवा पहाटे पुसायला गेलो. लई गारठा. मागची सीट नुसती बर्फ. पण मधे दोन वीत जागा... कोंबडी आत्ताच अंड्यांवरनं उठून गेल्यागत...

ऊन.