घरच्या पेशी

किडनी जुळते का ते तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये नव्या माणसाला पहिला धडा मिळतो तो बर्फाचा. डीप फ्रीझरमधून कॉम्प्लिमेंटची कुपी काढायची, बर्फात खोचायची आणि काम संपेपर्यंत बर्फातच ठेवायची. टेबलावर विसरलात की संपलं. दिसायला तेच पिवळसर पाणी, पण अंगात दम नाही. अशा कॉम्प्लिमेंटने टेस्ट केली की सगळ्या पेशी जिवंत दिसतात, रिपोर्ट छान येतो, आणि ऑपरेशनच्या टेबलावर नवी किडनी जोडल्या जोडल्या काळीनिळी पडते. म्हणून आमचे सर बर्फाच्या बाबतीत खाष्ट सासूला लाजवतात.

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातले पहारेकरी. त्यांना स्वतःचे डोळे नसतात. अँटिबॉडीने एखाद्या पेशीला धरून 'हा परका' म्हटलं की ते धावून जातात आणि तिला भोकं पाडतात. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, मरते. घरच्या पेशींच्या अंगावर 'मी इथलीच' असं सांगणारी खूण असते, म्हणून त्या वाचतात. आमची टेस्ट यावरच चालते. किडनी देणाऱ्याच्या पेशी, घेणाऱ्याचं सीरम, म्हणजे त्याच्या रक्तातलं अँटिबॉडीवालं पाणी, आणि सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट, हे ट्रेच्या इवल्याशा खळग्यात एकत्र करायचं आणि वर रंग सोडायचा. मेलेल्या पेशी रंग पिऊन काळपट होतात. जिवंत पेशी चमकतात.

प्रत्येक ट्रेमध्ये एक ओळ 'नॉर्मल' माणसाची असते, तुलनेसाठी. त्याच्याच पेशी, त्याचंच सीरम. ही ओळ कित्येक वर्षं माझी आहे. माझ्या शिरा पटकन सापडतात आणि मी हाकेच्या अंतरावर असते. "या लॅबमध्ये नॉर्मल एकच, आणि तीही आपण म्हणतो म्हणून," हा सरांचा ठरलेला विनोद. माझ्या ओळीत एकही पेशी कधी मेली नव्हती. मला त्याचा उगाचच अभिमान होता.

ताईच्या किडन्या तिच्याच कॉम्प्लिमेंटने खाल्ल्या. ताई माझी थोरली बहीण. आई, ती आणि मी, असं आमचं तीन बायकांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. पहारेकरी बिथरले आणि घरावरच उलटले. त्यांना आवरणारं औषध सुरू झालं, पण तोवर उशीर झाला होता. डायलिसिसच्या खुर्चीत ताई दिवसेंदिवस पुसट होत चालली होती. आईला साखरेचा आजार, म्हणजे किडनी द्यायला उरले मी.

जो किडनी देणार त्याने स्वतःच्या ट्रेला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. ट्रे सरांनी लावला. मायक्रोस्कोपला दोन माणसांना एकदम बघता येईल अशी जोड आहे. मी समोरच्या बाजूने डोळे लावून बसले.

ताईचं सीरम, माझ्या पेशी. सगळ्या चमकत होत्या.

"झालं काम," सर म्हणाले. "पेढे नंतर. आता तिची स्वतःची ओळ बघू."

ताईचं सीरम, ताईच्याच पेशी. ही ओळ घाईच्या दिवशी कुणी बघतही नाही, कारण तिथे काही घडतच नसतं.

ती ओळ काळी होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत. कितीही वाईट ट्रे असला तरी कोपऱ्यात एखादी पेशी तग धरून असते. इथे एकही नव्हती.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," सर म्हणाले.

त्यांनी ताईचं रक्त पुन्हा मागवलं. कॉम्प्लिमेंटची नवी कुपी फोडली. सीरमवर रसायनाची प्रक्रिया केली, त्यातल्या किरकोळ अँटिबॉडी निकामी केल्या. ओळ काळीच. कॉम्प्लिमेंट न घालता बघितलं तर सगळ्या जिवंत. म्हणजे पेशी धडधाकट होत्या. त्यांना परकं म्हणून मारलं जात होतं.

सरांनी चष्मा पुसला. "हे जर हिच्या अंगात होत असतं, तर ही बाई उभी राहिली नसती."

"पण ती उभी आहे, सर."

"स्वतःविरुद्धच्या अँटिबॉडी नव्या किडनीला त्रास देत नाहीत. तुझ्या पेशी चमकतायत ना? ऑपरेशन होईल." एवढं बोलून त्यांनी दिवा बंद केला. ट्रे मात्र त्यांनी नेहमीसारखा बास्केटमध्ये टाकला नाही. कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

मी घरी आले तर ताई जिन्यात बसलेली. आमच्या दाराला अंगठ्याचं कुलूप आहे. ते तिचा अंगठा घेत नव्हतं.

"डायलिसिसने बोटं सुकलीत तुझी," मी म्हणाले आणि माझ्या अंगठ्याने दार उघडलं. समोरच्या काकूंचा कुत्रा जाळीतून तिच्यावर भुंकत होता. पिल्लू असल्यापासून तो ताईच्या मांडीवर वाढला होता. आज त्याच्या मानेवरचे केस ताठ उभे होते.

"डायलिसिसच्या सिस्टरने आज मला फाइल कुठेय म्हणून विचारलं," ताई म्हणाली. "नवीन पेशंट का, म्हणाली."

"बदलत असतात गं त्या."

"तीच होती. दोन वर्षं तीच आहे."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या आईला कामवालीच्या नातवंडांचे वाढदिवस पाठ आहेत, विसरण्याचं दुखणं तिला नाही. तिने माझी पर्स घेतली, ताईकडे बघून ओळखदेख नसल्यासारखं हसली आणि म्हणाली, "बसा ना तुम्ही. चहा घेणार?"

मीच ओरडले, "आई! काय थट्टा लावलीयेस?" आई दचकली, कपाळाला हात लावला, म्हणाली, "अगं बाई, लक्षच नव्हतं माझं." पण चहाचे कप दोनच आले, आईचा आणि माझा.

मी मनाची समजूत घातली. आजाराने चेहरा सुजतो, रंग काळवंडतो, माणसं गोंधळतात. कुत्र्यांना औषधाचा वास येतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि मी ते शोधून काढत होते. सगळी कारणं एकदमच कशी लागू पडतात, एवढंच विचारायचं टाळत होते.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या खोलीत ताईने माझा हात धरला. हात गार होता.

"चिमणे, तू तरी ओळखतेस ना मला?"

"डोकं फिरलंय का तुझं? झोप."

"भुवईवरची खूण कशाची आहे, सांग बघू."

"मी झोका सोडला आणि तुझ्या कपाळावर आदळला. आईने मला बदडलं, आणि रडलीस तू."

तिने सुटकेचा श्वास सोडला. मग छताकडे बघत हळूच विचारलं, "तुझं काहीतरी माझ्या आत आलं, की मी परत घरची होईन?"

मला रडू फुटलं. ते लपवायला मी हसले. "होशील. माझी किडनी आहे, फुकट नाही देत. घरची करूनच सोडीन तुला."

"आणि तू?"

"मी नॉर्मल आहे. सरांना विचार."

ऑपरेशन दृष्ट लागण्यासारखं झालं. जोडल्या जोडल्या किडनी गुलाबी झाली, टेबलावरच लघवी सुरू झाली. सर्जन म्हणाला, जणू ती किडनी तिच्यातच वाढलेली होती. मी आधी घरी आले, ताई नंतर. जिना चढून आल्यावर तिने अंगठा टेकवला आणि कुलूप टकन उघडलं. कुत्रा जाळीला पंजे लावून कुईकुई करत होता. आईने तिला मिठी मारली आणि "माझं बाळ ते, माझं बाळ" म्हणत तिचे मुके घेतले. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. टाक्यांवर हात दाबून मी दारातच रडत उभी राहिले.

आईने डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. "तुमचे फार उपकार झाले हो," ती म्हणाली.

उपकार तर होतेच. मी तेवढंच ऐकलं.

रजा संपवून मी लॅबमध्ये गेले. गेटवरच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. साबणाने बोटं सुकली असतील. वॉचमनने वहीत सही घेऊन आत सोडलं, 'भेटायला आलेले' या रकान्यात. सर कुठल्या तरी मीटिंगला गेले होते. टेबलावर बर्फाचं भांडं तयार होतं, ट्रे मांडलेला होता. नॉर्मलची ओळ रिकामी होती.

मी स्वतःच रक्त काढलं. पेशी वेगळ्या केल्या. कॉम्प्लिमेंटची कुपी बर्फातून काढली आणि पुन्हा बर्फात खोचली. सगळं धड्याप्रमाणे.

रंग सोडला. डोळे लावले.

माझं सीरम, माझ्या पेशी.

काळं.

या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मागे दार वाजलं. सर होते. खुर्चीतल्या बाईकडे बघून ते थांबले आणि अदबीने म्हणाले, "माफ करा, इथे बाहेरच्यांना परवानगी नसते."

मी बॅग तिथेच टाकून निघाले. घरी पोचेपर्यंत एकच विचार डोक्यात होता, ताईला कळेल. जगात कुणाला कळलं नाही तरी तिला कळेल. ती यातूनच गेली आहे.

कुत्रा जाळीवर झेपावला.

अंगठा लागला नाही.

मी दार बडवलं. ताईने उघडलं. गालावर रंग आला होता, केस विंचरलेले, भुवईवरची खूण जागच्या जागी.

"ताई," मी म्हणाले. "झोका. मी सोडला होता. चिमणी."

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आतून आईची हाक आली, "कोण आहे गं?"

"कुणी नाही, आई," ताई म्हणाली आणि सावकाश दार लोटू लागली. तिचा दुसरा हात पोटाच्या उजव्या बाजूला, माझ्या किडनीवर, घट्ट दाबून धरलेला होता.